बाळंतपणाच्या कळा: नैसर्गिक उपाय कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे

कळा सुसह्य करायचे उपाय आता बहुतेक जणींना ठाऊक असतात. दीर्घ श्वास, चालणं, गरम पाण्याची पिशवी, कंबर चोळून घेणं. तरी बाळंतिणीला भेटायला गेलं की हमखास ऐकू येतं, "सगळं वाचून गेले होते गं, आयत्या वेळी काही कामाला आलं नाही." जरा खोदून विचारलं की उलगडा होतो. पहिली बारीक कळ आल्याआल्या कुणीतरी सांगितलं म्हणून रात्रभर अंगणात फेऱ्या मारल्या, आणि पहाटे खऱ्या कळा लागल्या तेव्हा पाय उचलेना. श्वासाचा सराव एकदाही केलेला नव्हता. सोबत आलेल्या मावशी पदर तोंडाला लावून दारातच रडत होत्या. उपाय बरोबरच होते. वेळ चुकली, क्रम चुकला.

म्हणून इथे सगळं ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने सांगितलं आहे. दिवस भरलेले (३७ आठवड्यांपुढे), पोटात एकच बाळ, बाळाचं डोकं खाली आणि गरोदरपणात काही गुंतागुंत नाही, अशा बाईसाठी हा क्रम आहे. रक्तदाब वाढलेला असेल, आधी सिझेरियन झालं असेल, जुळी असतील, बाळ पायाळू असेल किंवा वार (प्लासेंटा) खाली असेल, तर यातलं काय चालेल ते आधी तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि अपेक्षाही बेताची ठेवा. या उपायांनी कळ नाहीशी होत नाही. ती पेलता येते आणि दोन कळांच्या मधे खरा विसावा मिळतो. बारा तासांच्या कामात तो विसावाच कामाला येतो.

## १. आठव्या महिन्यापासूनची तयारी

सोबतीण ठरवा

सगळ्या उपायांमध्ये सर्वांत भरवशाचा कुठला असं विचाराल तर मी आधी सोबतीणच सांगेन. शेवटपर्यंत शेजारी एक ओळखीचं, शांत माणूस असलं की वेदनेची औषधं कमी लागतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबत एक व्यक्ती ठेवायला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मान्यता दिली. सरकारी ठिकाणी ती बहुधा बाईच असावी लागते, कारण त्याच खोलीत इतर बायकाही असतात. नवऱ्याला आत सोडायचं की नाही, हे तिथे आडोसा किती आहे यावर ठरतं.

गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय असो, की गावाजवळचं खासगी प्रसूतिगृह, जिथे नाव घातलं आहे तिथे तपासणीच्या दिवशीच हे विचारून घ्या:

- लेबर रूममध्ये सोबत कोण राहू शकतं, आणि पूर्ण वेळ की मधूनमधून?
- कळा चालू असताना उठून चालता येईल का, की खाटेवरच राहावं लागेल?
- पाणी, पेज, शहाळं घेऊ देतात का?
- गरम पाण्याने अंघोळीची सोय आहे का?
- वेदना सहन न झाल्यास कोणतं औषध मिळतं, आणि ते रात्रीही मिळतं का?

सोबतीण निवडताना नात्यापेक्षा स्वभाव बघा. आईला लेकीचं दुखणं बघवत नाही, आणि तिची घालमेल लेकीला लगेच लागते. एखादी वहिनी किंवा थोरली बहीण, जिचं स्वतःचं बाळंतपण झालंय आणि जी दहा तास न कंटाळता पाठ दाबू शकेल, ती जास्त कामाची. तिला हा लेख आत्ताच वाचायला द्या. रुग्णालयाच्या दारात वाचून उपयोग नाही.

श्वासाचा सराव

पद्धत साधी आहे. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा, ओठ किंचित उघडून सहा ते आठ आकडे मोजत बाहेर सोडायचा. महत्त्व बाहेर जाणाऱ्या श्वासाला आहे, तो लांब हवा. भीतीने आणि ताणाने शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, ते कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं, आणि आवळलेले स्नायू दुखणं आणखी वाढवतात. लांब उच्छ्वासाने हे चक्र सैल पडतं.

नुसतं सोफ्यावर बसून श्वास घेणं हा सराव नव्हे, कारण तेव्हा काही दुखत नसतं. फ्रिजमधून बर्फाचा खडा काढा, तळहातावर धरून मूठ मिटा, घड्याळ लावा. साठ सेकंद. पहिल्या पंधरा सेकंदांत गार वाटतं, मग झोंबायला लागतं, आणि तिसाव्या सेकंदाला हात झटकावासा वाटतो. तिथेच सराव सुरू होतो. सोबतिणीने समोर बसून फक्त बघायचं: कपाळाला आठी पडली का? दात आवळले का? खांदे कानांकडे गेले का? पायाची बोटं मुडपली का? जे आवळलेलं दिसेल तिथे तिने हलकेच बोट टेकवायचं आणि तुम्ही श्वास सोडताना तेवढा भाग सैल सोडायचा. मिनिटभराने खडा टाका, दोन मिनिटं थांबा, दुसऱ्या हाताने पुन्हा. रोज चार-पाच फेऱ्या पुरेत. हा सराव करून गेलेली बाई आणि न करता गेलेली बाई यांच्यातला फरक लेबर रूममध्ये लांबूनही ओळखू येतो.

> तपासा: बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या, चक्कर आली, तर श्वास फार भराभर होतोय. वेग कमी करा, आत घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या.

खालच्या भागाचा मसाज

साधारण ३५व्या आठवड्यापासून, आठवड्यातून एक-दोनदा, योनी आणि गुदद्वार यांच्यामधल्या भागाला स्वच्छ हातांनी, साध्या खोबरेल तेलाने हळुवार ताण देत मसाज केला, तर पहिलटकरणीला टाके पडण्याची शक्यता थोडी कमी होते. नखं कापलेली हवीत. अंगठा एक-दीड इंच आत, दाब खाली आणि बाजूला, मूत्रमार्गाच्या दिशेने नाही. थोडी जळजळ चालेल, दुखायला नको. जंतुसंसर्ग, अंगावरून रक्त जाणं किंवा वार खाली असेल तर करू नका.

आता तुपाबद्दल. नवव्या महिन्यात तूप ओरपलं की बाळ सुळकन घसरतं, असं सांगणाऱ्या आज्या प्रत्येक घरी आहेत. पोटात गेलेलं तूप पचतं. ते जन्ममार्गात उतरत नाही. भातावर चमचाभर घ्या, चवीसाठी. एरंडेल मात्र अजिबात नको. त्याने जुलाब आणि उलट्या होतात, अंगातलं पाणी जातं आणि कळांच्या आधीच शक्ती संपते. कळा आणायचे काढे आणि कुणी घरी येऊन देतं म्हणालेलं इंजेक्शन तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

## २. वाट आणि पिशवी

हा भाग कंटाळवाणा आहे, पण घाबरलेल्या बाईवर कुठलाच नैसर्गिक उपाय चालत नाही, आणि घाबरवायला "गाडी मिळत नाही" एवढं पुरतं.

काणकोणहून मडगावला यायचं तर मधे करमल घाट आहे. सत्तरीतल्या आतल्या गावांतून बांबोळी जवळ नाही. दिवाडीसारख्या बेटावर राहत असाल तर रात्रीच्या फेरीबोटीच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवा. पावसाळ्यात प्रवासाला नेहमीपेक्षा जास्त वेळ धरा. तारीख गणेशचवथीच्या आसपास असेल तर नेहमीचा रिक्षावाला किंवा टॅक्सीवाला गावी गेलेला असणार, त्यामुळे दुसरा नंबर आधीच घेऊन ठेवा. १०८ची रुग्णवाहिका मोफत आहे, पण फोनवर पत्ता सांगता यायला हवा. वाडा, जवळचं देऊळ किंवा खुरीस (क्रॉस), रस्ता कुठे वळतो, हे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा.

पिशवीत माता-बाल कार्ड, सगळे रिपोर्ट, ओळखपत्र, दोन सैल गाऊन, बाळाचे कपडे, सॅनिटरी पॅड हे असतंच. वेदनेच्या दृष्टीने आणखी घ्यायचं ते एवढं: रबरी गरम पाण्याची पिशवी आणि ती गुंडाळायला जाड टॉवेल, मालिशसाठी खोबरेल तेल, एक छोटा पंखा किंवा हातपंखा (एप्रिल-मेच्या उकाड्यात याची किंमत कळते), दोन रुमाल, वाकून प्यायची नळी, ओठांना लावायला तूप किंवा मलम, पायमोजे. पाय गार पडतात, हे कुणी आधी सांगत नाही.

## ३. कळा खऱ्या की खोट्या

शेवटच्या आठवड्यांत पोट मधूनमधून दगडासारखं घट्ट होतं. ते लगेच प्रसूती सुरू झाल्याचं लक्षण नाही. ओळखायचं असं:

1. लघवीला जाऊन या.
2. दोन ग्लास पाणी प्या.
3. चालत असाल तर कुशीवर पडा, पडून असाल तर चाला.
4. तासभर बघा.

खोट्या कळा यातल्या कशाने तरी विरतात. खऱ्या कळा नेमाने येतात, दर वेळी जास्त जोराने येतात, आणि बहुधा कंबरेतून पुढे येतात. जागा बदलून त्या थांबत नाहीत.

अंतर मोजण्यात होणारी चूक: एका कळेच्या शेवटापासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत मोजतात. मोजायचं एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. कळ किती सेकंद टिकली ते वेगळं लिहा. आणि प्रत्येक कळ मोजत बसू नका. अर्ध्या तासातल्या पाच-सहा मोजा, मग घड्याळ सोबतिणीकडे द्या आणि विसरा.

> थांबू नका, लगेच निघा:
> - अंगावरून लाल रक्त जातंय (रक्ताचा पुसट डाग असलेला चिकट स्राव वेगळा, तो चालतो)
> - पाणी गेलं, मग कळा असोत वा नसोत. वेळ आणि रंग लिहून ठेवा. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर अजिबात उशीर नको
> - बाळाची हालचाल कमी झाली
> - कळ संपल्यावरही पोट सैल होत नाही, सतत दुखतं
> - जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, ताप, झटके
> - ३७ आठवड्यांआधी कळा

## ४. घरातला वेळ: इथे शक्ती राखायची

पहिलटकरणीच्या बाबतीत हा सुरुवातीचा काळ कित्येक तास, कधी पूर्ण दिवसही चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटिमीटर उघडलं की प्रसूतीचा खरा सक्रिय टप्पा धरतात. त्याआधीचा वेळ किती असावा याला ठरलेला आकडा नाही. म्हणूनच इथे घाई करणारी बाई पुढे थकते.

क्रम असा ठेवा.

रात्र असेल तर झोपा. झोप लागली नाही तरी डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन, दिवा घालवून पडा. कळ आली की अंग सैल सोडायचं, गेली की डोळे मिटायचे. दिवस असेल तर रोजची हलकी कामं करा, भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. अंगणातल्या फेऱ्या आत्ता नकोत.

खा. पेज, नाचणीचं तिझन, मऊ भात, केळं, शहाळ्याचं पाणी. थोडं थोडं, दर दोन तासांनी. तळकट आणि मसालेदार नको, पुढे मळमळ होणारच आहे. चवथीच्या दिवसांत नेवऱ्यांचा डबा समोर असेल तरी हात आवरा.

अंघोळ करा. पाणी कोमट, मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच. भाणातलं कढत पाणी सरळ अंगावर घ्यायची सवय असेल तर आज नको, फार गरम पाण्याने भोवळ येते. स्टुलावर बसून कंबरेवर तांब्याने धार सोडून घेतली की बऱ्याच जणींना कळा निम्म्यावर आल्यासारख्या वाटतात. न्हाणीघराला आतून कडी लावू नका आणि सोबतिणीला दाराशी बसवा. फरशीवर पाय घसरला तर सगळंच ओमफस.

लघवीला जा. दर दोन तासांनी, वाटो न वाटो. भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याच्या वाटेत येतं आणि कळ जास्त दुखते.

श्वासाचं तंत्र आत्ता पहिल्या कळेपासून वापरायचं नाही. बोलता बोलता कळ निघून जाते तोवर बोलत राहा. कळेच्या वेळी बोलणं थांबवावं लागलं की मग श्वास सुरू करा. हे सांगूनही बहुतेक जणी लवकर सुरू करतात आणि खरी गरज लागते तेव्हा त्याचा कंटाळा आलेला असतो.

> निघायची वेळ: पहिल्या बाळंतपणात कळा साधारण ५ मिनिटांच्या अंतराने, प्रत्येक मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघा. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल किंवा वाट लांबची असेल तर याची वाट बघू नका, कळा नेमाने येऊ लागल्या की निघा. वाटेत गाडीत मागच्या सीटवर कुशीवर पडा किंवा पुढे वाकून बसा.

## ५. लेबर रूममध्ये: आता उपाय, एकामागून एक

रुग्णालयात पोचल्यावर कळा काही वेळ मंदावल्या तर घाबरू नका. नवी जागा, उजेड, अनोळखी माणसं यांनी असं होतं, थोड्या वेळाने त्या पुन्हा धरतात. आता उपाय वापरायचे, पण सगळे एकदम नाही. एक उपाय पाच-सहा कळांपर्यंत द्या, मग बदला.

उभं राहणं, वाकणं, चालणं. पहिल्या टप्प्यात उभी किंवा बसलेली राहणारी बाई पडून राहणारीपेक्षा सरासरी तासाभराने लवकर मोकळी होते, असं अभ्यासांत आढळलं आहे. उताणं झोपणं मात्र टाळा. गर्भाचा भार पाठीमागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, चक्कर येते, बाळाला रक्तपुरवठा कमी पडू शकतो, आणि कळही जास्त बोचते. करून बघण्यासारख्या अवस्था:

- खाटेच्या कठड्यावर किंवा भिंतीवर हात टेकून पुढे वाकणं, कंबर डावी-उजवीकडे डुलवणं
- खुर्चीवर उलटं बसून पाठीच्या बाजूला डोकं टेकणं
- खाटेवर गुडघे आणि हात टेकून राहणं
- दमल्यावर डाव्या कुशीवर

सलाइन लावलं असेल तर स्टँड हाताने ढकलत चालता येतं. बाळाच्या ठोक्यांचा पट्टा लावला असेल तर निदान कुशीवर किंवा बसून राहा. सिस्टरला विचारा, "मी पट्टा लावून बसले तर चालेल का?" बहुतेक वेळा हो म्हणतात. मुळात विचारणाऱ्याच कमी.

कंबरदाब. कळ कंबरेत असेल तर हा उपाय बाकी सगळ्यांहून सरस, आणि सर्वांत जास्त चुकीचा केला जाणाराही हाच. सोबतीण लाडाने पाठीवरून हात फिरवत राहते. त्याने बरं वाटतं, कळ कमी होत नाही.

सोबतिणीने करायचं ते असं. बाई पुढे वाकलेली. तुम्ही तिच्या मागे, एक पाय पुढे, कोपर सरळ. माकडहाडाच्या वर जे सपाट, रुंद हाड हाताला लागतं त्यावर तळव्याची टाच ठेवा. मणक्यावर नाही, बरगड्यांखालच्या मऊ जागेवरही नाही. कळ सुरू होताना दाब सुरू, कळ भरात आली की अंगाचा भार टाकून घट्ट दाब, उतरली की हळूहळू सोडा. हात हलवायचा नाही, चोळायचं नाही, नुसता स्थिर दाब. "अजून जोरात" असं ती म्हणेल तेव्हा खरंच जोरात. हात थकले तर मुठी वापरा किंवा तिची पाठ भिंतीला लावून मधे टेनिसचा चेंडू ठेवा.

दुसरा प्रकार: दोन्ही तळवे तिच्या कुल्ल्यांच्या बाहेरच्या बाजूंवर ठेवून दोन्हीकडून आत आणि किंचित वर दाबायचं. दोनजणी असतील तर एक-एक बाजू घ्या. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असली की कंबर फार धरते, तेव्हा हा दाब आणि गुडघे-हात टेकलेली अवस्था एकत्र करून बघा.

शेक. टॉवेलात गुंडाळलेली गरम पिशवी कंबरेवर किंवा ओटीपोटाच्या खालच्या भागावर. पाणी उकळतं नको. एका जागी वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि कमरेखाली बधिर करणारं औषध दिलं असेल तर शेक बंद, कारण भाजलेलं कळत नाही. उकाड्यात याउलट गार ओला रुमाल मानेवर जास्त आवडतो. ती झिडकारेल तेव्हा मनाला लावून घेऊ नका. दहा मिनिटांपूर्वी आवडलेला स्पर्श आता नकोसा होणं हे प्रसूती पुढे सरकल्याचं लक्षण असू शकतं.

आवाज. ओरडू नकोस, असं दटावणाऱ्या लोकांकडे लक्ष देऊ नका. पण आवाज कसा काढायचा हे मात्र ठरवा. चिरका, वरचा आवाज गळा आणि जबडा आवळतो. खर्जातला "आऽऽ" किंवा "ओऽऽम्" लांब श्वासाबरोबर सोडला की जबडा सैल राहतो. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी जपाची माळ धरतं. लय सापडली की पुरे.

सोबतिणीने बोलायचं थोडं. "ही कळ उतरली." "खांदे सोड." "घोटभर पाणी घे." एवढंच. "एवढं काय, आम्ही तर शेतात बाळंत झालो" आणि "अजून किती वेळ हो डॉक्टर?" ही दोन वाक्यं घरी ठेवून या.

> तपासा, दर तासाला: पाणी प्यायली का? लघवीला गेली का? अवस्था बदलली का? दोन कळांच्या मधे हात-पाय सैल पडतात का? यातल्या एकालाही "नाही" असेल तर आधी ते करा, मग नवा उपाय.

## ६. "मला नाही जमणार" हा टप्पा

गर्भपिशवीचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडत आलं की कळा दोन-तीन मिनिटांवर येतात, एकीवर एक चढल्यासारख्या. अंग थरथरतं, मळमळ किंवा उलटी होते, कधी घाम तर कधी थंडी. बाई रडते, चिडते, "मला घरी न्या" म्हणते. इथे बहुतेक घरचे लोक घाबरून जातात आणि "सिझर करा" म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. हा टप्पा सगळ्यांत कठीण पण सहसा सगळ्यांत छोटा असतो.

आता नवीन काही शिकवू नका. सोबतिणीने चेहरा समोर आणून, डोळ्यांत बघून तिच्याबरोबर श्वास घ्यायचा. एक कळ, मग पुढची. पूर्ण रात्रीचा हिशोब नको.

जोर द्यावासा वाटला तर आधी सिस्टरला सांगा. तोंड पूर्ण उघडलेलं नसताना जोर दिला तर ते सुजतं आणि वेळ वाढतो. तपासून "हो" म्हणेपर्यंत कुशीवर पडून छोटे फुंकर मारल्यासारखे श्वास सोडा: फू, फू, फू.

## ७. जोर देताना

तोंड पूर्ण उघडलं तरी जोराची ओढ लगेच वाटेलच असं नाही. बाळाचे ठोके चांगले असतील तर ओढ येईपर्यंत थांबता येतं. ती आल्यावर पाच-सात सेकंदांचा जोर, मधे श्वास, पुन्हा जोर. श्वास कोंडून चेहरा लाल होईस्तोवर ताणल्याने डोळ्यांतल्या बारीक शिरा फुटतात आणि दम जातो. जोर गळ्यात नको, शौचाला बसल्यावर जिथे लागतो तिथे. शौच होईल ही लाज बऱ्याच जणींना अडवते. सिस्टरना त्याचं काही वाटत नाही, त्या पुसून टाकतात.

पहिल्या बाळंतपणात हा टप्पा तीन तासांपर्यंत लांबू शकतो, पुढच्या बाळंतपणांत बहुधा दोन तासांच्या आत आटोपतो. पाठ टेकवून अर्धवट बसणं किंवा कुशीवर पडून वरचा पाय सोबतिणीच्या हातात देणं, दोन्ही चालतं. खालच्या भागावर कोमट ओल्या कापडाचा शेक मिळतो का विचारा, त्याने मोठी फाट पडण्याचा धोका कमी होतो. डोकं दिसू लागल्यावर जळजळ होते. तेव्हा जोर थांबवायचा आणि धापा टाकल्यासारखं हाशहूश करायचं. डोकं सावकाश बाहेर आलं की टाके कमी.

> सावध: "पोटावरून दाबा" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. वरून पोट दाबून बाळ काढायची पद्धत जागतिक आरोग्य संघटना करू नका म्हणून सांगते, कारण तिने आईला आणि बाळाला इजा होऊ शकते.

## ८. औषध मागावं लागलं तर

मागा. प्रसूती लांबली, सलाइनमधल्या औषधाने (ड्रिपने) कळा वाढवल्या किंवा झोप न मिळता दुसरी रात्र उजाडली, की श्वास आणि दाब पुरत नाहीत. ड्रिपच्या कळा सुरुवातीपासूनच जोरात येतात, त्यामुळे वर सांगितलेला हळूहळू चढण्याचा हिशोब तिथे लागू होत नाही. पाठीच्या मणक्यातून दिलं जाणारं एपिड्यूरल भूलतज्ज्ञ देतात, आणि ते प्रत्येक ठिकाणी चोवीस तास मिळेलच असं नाही, म्हणून आठव्या महिन्यातच विचारायला सांगितलं. एपिड्यूरलनंतरही श्वास, कुशीवर झोपणं आणि सोबतीण कामाला येतात. घेतलंस म्हणून कमी पडलीस, असं म्हणणाऱ्या बाईला लेबर रूमच्या बाहेर बसवा.

## ९. वार पडेपर्यंत आणि नंतर

बाळ आल्यावर मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. "सगळं नैसर्गिक हवं" म्हणून ते नाकारू नका. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ते असतं. बाळ लगेच उघड्या छातीवर ठेवायला सांगा. टाके घालताना तेवढाच विरंगुळा.

अंगावर पाजताना पोटात पुन्हा कळा येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या पहिल्यापेक्षा जास्त धरतात. गर्भपिशवी आकसत असते. पाजायच्या आधी लघवीला जाऊन या, पाजताना तोच लांब श्वास वापरा, तरी दुखलं तर डॉक्टरांना गोळी विचारा. पोटपट्टा करकचून बांधल्याने या कळा थांबत नाहीत. आणि तासाभरात एक पॅड पूर्ण भिजलं, मोठ्या गुठळ्या गेल्या किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बेल दाबून सिस्टरला तिथल्या तिथे बोलवा.